लाल गाडीचा लिलाव

"यापेक्षा जास्त कोणी?" लिलाववाल्याने पुन्हा विचारलं. एकही हात वर झाला नाही.

जुन्या लाल स्पोर्ट्स कारला खरेदीच्या निम्मीही किंमत येईना, तसा मृदुलाचा नवरा कपाळाला हात लावून बसला. वीस वर्षं त्याने ती गॅरेजात जपली होती. मृदुलाने चालवायला मागितली, की एकच उत्तर: "चालवली की किंमत उतरते."

गाडी मात्र कर वाचवायला तिच्याच नावावर घेतलेली. "मॅडम, देऊन टाकायची?" लिलाववाल्याने तिला विचारलं.

"नाही." तिने उठून नवऱ्यापुढे हात केला. "अहो, किल्ली द्या."

"अगं, किंमत उतरेल!"

"अजून उतरायची राहिलीय कुठे?"

फाटकाबाहेर मोकळा रस्ता लागला. "सावकाश गं," शेजारी बसलेला नवरा सीट घट्ट धरून म्हणाला.

मृदुलाने वेग वाढवला.