खाणीत वळवलेलं पाणी

"नाल्यात सोडा ते पाणी!" मालक फोनवर ओरडले. "खाणीत थेंब येता कामा नये. खाली नवा कंप्रेसर आहे."

पुढचं काही ऐकू आलं नाही. पाऊस आडवा झोडपत होता. नूतन तळ्याच्या बांधावर चिखलात पाय रोवून उभी होती.

धुळ्याजवळच्या या दगडखाणीवर ती गेल्या दिवाळीनंतर इंजिनिअर म्हणून आली. डोंगरावरून खाणीच्या आवारात उतरणारं पाणी तळ्यात अडवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं नाल्यात सोडायचं, ही आखणी तिचीच. पावसाळाभर ती नीट चालली. आज मात्र ढगच फुटला होता. तळं तुडुंब भरलं होतं. पाणी क्रशरच्या भुकटीनं पांढरं, दाट झालं होतं. बांधाच्या पायथ्याशी पाझर फुटला होता.

खाली गाव होतं. नाल्याला लागूनच गावाची पिण्याची विहीर, आणि पलीकडे बोंडं धरलेली कपाशी. मागच्या वर्षी, नूतन यायच्या आधी, हाच गाळ विहिरीत उतरला होता. शेतांवर पांढरा थर बसला आणि वाळून सिमेंटसारखा घट्ट झाला. तानुबाईचं सगळं पीक त्यात गेलं. उन्हाळ्यात नूतन मुद्दाम तिच्या ओट्यावर गेली होती. "अक्का, यंदा गाळ येऊ देणार नाही," एवढं तिनं सांगितलं, आणि तानुबाईनं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"मॅडम, बांध राहत नाही!" पोकलेनवरून समाधान ओरडला. "नाल्याकडून फोडू का?"

नूतननं मागे वळून पाहिलं. तळं आणि खाण यांच्यामध्ये मातीचा एक रस्ता होता, एवढंच. रस्त्यापलीकडे खाणीचा खोल खड्डा.

"खाली माणूस आहे का कोणी?"

"नाही. बठ्ठे, एकूण एक, वर शेडमध्ये आहेत. मीच आणले."

"मग रस्ता कापा, समाधानभाऊ. पाणी खाणीत जाऊ द्या."

समाधान बघतच राहिला. "मालक घरी बसवतील."

"मला बसवतील. तुम्हाला मी सांगितलंय. कापा!"

पोकलेनचा पंजा रस्त्यात रुतला. माती सुटली आणि पांढरा लोंढा गर्जत खाणीत कोसळला. कंप्रेसर बुडाला. हळूहळू तळं उतरलं. बांध टिकला.

पाऊस ओसरला तसा गाव वर चढून आला. कोणाच्या डोक्यावर गोणपाट, कोणाच्या हातात काठी. सर्वांत पुढे तानुबाई होती. आता बांधावर भांडण होणार, असं समाधानला वाटलं. पण माणसं खाणीच्या काठाशी येऊन थबकली. खाली जिथे सकाळी मशीन चालत होतं, तिथे पांढरं पाणी साचलं होतं. नाल्यातून मात्र नेहमीचंच तांबूस, गढूळ पाणी वाहत होतं.

"हाई कोनी करं?" तानुबाईनं विचारलं.

"मी, अक्का."

तानुबाई जवळ आली. नूतनच्या चिखलानं माखलेल्या कपड्यांकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

तेवढ्यात मालकांची जीप आली. ते उतरले, धावत काठाशी गेले आणि खाणीत पाहताच त्यांचा चेहरा लाल झाला.

"काम बंद पडलं माझं! कोणाच्या हुकमावरून फोडला रस्ता?"

नूतन गारठून कापत होती. नोकरी गेली, हे तिला दिसत होतं. तरी मान खाली जात नव्हती. आयुष्यात आपण केलेल्या कुठल्याच कामाचा तिला इतका अभिमान वाटला नव्हता. उत्तर द्यायला ती पुढे झाली.

एका खरबरीत हातानं तिला मागे सारलं. तानुबाई पदर खोचून मालकांसमोर उभी राहिली, आणि तिच्यामागे काठ्या टेकवत सारा गाव.

"हुकूम आमना शे, भाऊ. बठ्ठा गावना."