पडद्यामागचा सूर

आई गेली त्या सकाळी बुरुल्चाला रडायला सवडच मिळाली नाही. अंगणात नमद्याचा गोल तंबू तिनेच उभारून घेतला, आईला आत पडद्यामागे निजवलं, कबर खणायला डोंगराकडे माणसं धाडली आणि रिवाजाप्रमाणे मयताच्या जेवणाला कोणती घोडी कापायची तेही भावाला सांगितलं.

“अगं, लग्न काढलंयस की मयत?” कुमुशमावशी म्हणाली. “दोन टिपं तरी गाळ!”

“तू आहेस ना रडायला, मावशी. नारीनहून पाहुणे यायचेत, त्यांच्या चहाचं कोण बघणार?”

दुपारी तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी शोकगीत धरलं. बुरुल्चा किटली घेऊन आत आली, तेव्हा पडद्यामागूनही एक सूर त्यांच्यात मिसळत होता. घोगरा, जुन्या वळणाचा सूर होता तो.

एकेक बाई गप्प होत गेली. तो सूर मात्र थांबला नाही.

“आत कुणाला बसवलंयस गं?” मावशीने मान न वळवता विचारलं.

“कुणालाच नाही. आई एकटीच आहे.”

“सोन्यासारखी माझी लेक,” पडद्यामागून शब्द स्पष्ट आले, “तिला मातीत कशी लोटू?”

मग शोकगीतात येतं तसं गेलेल्या माणसाचं नाव आलं. बुरुल्चा.

बायका भिंतीकडून वळल्या. पडद्याकडे कुणीच पाहिलं नाही. सगळ्या बुरुल्चाकडे बघत राहिल्या, आणि कुमुशमावशीने डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून गाण्याची पुढची ओळ उचलली.