रांगेतला पाना

खंडेनवमीला उमरग्याच्या एका गॅरेजात सगळे मेकॅनिक आपापले पाने डिझेलनं धुऊन पाटावर पूजेला मांडायचे. चैतालीही दोन वर्षं ट्रकचे ब्रेक दुरुस्त करत होती, पण त्या दिवशी तिच्या हातात रांगोळीचा डबाच यायचा. आजही मालक म्हणाले, "चैताली, तुझ्या हाताला वळण हाय. रांगोळी तूच काढ." तिनं डबा खाली ठेवला, खिशातला पाना बाहीनं पुसला आणि रांगेच्या शेवटी मांडला. सगळ्यांच्या नजरा जुन्याजाणत्या बलभीम मिस्त्रींकडं वळल्या. मिस्त्रींनी तिचा पाना उचलला. त्यांनी तो आपल्या पान्याला लागून ठेवला आणि आधी त्यालाच कुंकू लावलं. मग डबा घेऊन ते मांडी घालून बसले. "पोरी, म्या कधी काढली न्हाय. सुरुवात कुठून करायची?" चैताली शेजारी टेकली. "ठिपक्यांपासून, मामा."