ठसका

"आये, झाला काय?" रावजीने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," हौसाबाय म्हणाली.

कांडपाचं मशीन दणदणत होतं. दोन लोखंडी मुसळं पट्ट्यावर वरखाली नाचत होती आणि खालच्या उखळात मिरची-धण्याचा पार भुगा झाला होता. मशीनला ओवाळायला आलेल्या बायका मागच्या दारात तोंडाला पदर लावून खोकत होत्या. एकेक करून परसात पळाल्या. मशीनवर खोवलेल्या उदबत्तीचा धूर त्यांच्या मागोमाग दाराबाहेर गेला. हौसाबाय मात्र समुद्राकडच्या खिडकीखाली, आपल्या नेहमीच्या पाटावर, जागची हलली नाही. चाळीस वर्षं तिने तिथेच बसून मसाला कांडला. कधी डोळ्यांत पाणी नाही, कधी नाकाला पदर नाही. "छाती लागते," ती सांगायची. "येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे."

मसाला झाला की नाही हे ती चाखून बघत नसे. गिऱ्हाइकाचा माल उष्टा करायचा नाही. चिमटीत चोळून बघावा, तर मुसळ धरून धरून बोटांची करवंटी झालेली. मग रावजीचं लग्न झालं आणि मालगुंडची जनी सून होऊन घरात आली. अंगावरची हळद उतरली नव्हती. मागच्या दारात उभी होती, तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. हौसाबायने मुसळ थांबवून बघितलं, तर मसाला अगदी पाहिजे तसा. पुढच्या घाण्यालाही तसंच. तेव्हापासून रीतच पडली. घाणा होत आला की हाक जायची, "जने, दारात ये गो." जनी हातातलं टाकून यायची, चौकटीला धरून उभी राहायची. ठसका आला की मुसळ खाली.

"लोकांकडे पितळेची चाळण," हौसाबाय गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्याकडे मालगुंडची." गिऱ्हाइकं हसायची. दम लागला नसेल तर जनीही हसायची.

ब्याऐंशीच्या शिमग्यात गिरगावातल्या एका दुकानदाराचं पत्र आलं. दर महिन्याला दोनशे किलो मसाला पाहिजे होता. हाताने तो होणार नव्हता. रावजी मान खाली घालून जेवत राहिला. बोलली ती जनी.

"आत्याबाय, कोल्हापूरचं मशीन आणूया. माझी बोरमाळ घ्या."

"लोखंडाला ठसका ऐकू येतो काय गो?" हौसाबाय म्हणाली. विषय तिथेच संपला. पत्र देवाच्या तसबिरीमागे गेलं ते दोन वर्षं तिथेच राहिलं.

पुढे पुढे जनी मसाला नसतानाही खोकायला लागली. विहिरीवर खोकायची, भाकरी थापताना खोकायची. मसाला नाही नि ठसका कसला, हौसाबायने सगळ्यांदेखत सुनावलं. मालगुंडची माणसंच मेली नाजूक. शेवटी रावजीने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि एवढंच सांगितलं की हिला धुळीत उभी करू नका.

त्या दुपारी हौसाबायने साबण लावून हातातल्या पाटल्या काढल्या. आळीत कोणाकडे मशीन नव्हतं. वीज दिवसाआड जायची. लोक म्हणत होते, लोखंडाचा मसाला करपट लागतो, आहेत ती गिऱ्हाइकंही तुटतील. तिने ते सगळं ऐकलेलं होतं. यातलं निम्मं तर तिनेच लोकांना सांगितलेलं. पाटल्या रावजीच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "आण ते मशीन. बुडलं तर बुडलं. पोर दारातून हलली पाहिजे."

कोल्हापूरवाल्याने दिवाळीचा वायदा केला. मशीन वायद्याला आलं. जनी गौरी-गणपतीतच गेली.

"आये, माल तापतोय," रावजी म्हणाला. "पहिलाच घाणा आहे. काळा पडला तर गिरगाववाला परत पाठवील."

हौसाबायने ऐकलं, पण ती दाराकडे बघत होती. चौकटीवर छातीइतक्या उंचीवर एक लाल डाग होता. मसाल्याच्या हाताने रोज धरून धरून पडलेला. आई कुठे बघते आहे ते रावजीने बघितलं. मुसळं दणदणत राहिली.

मग ती उठली. आता कोणीतरी झाला म्हणायला पाहिजे होतं, आणि ते म्हणायची जागा पाट नव्हे, दार. गुडघ्यावर हात देत ती मागच्या दारात गेली. डागावर बरोबर हात ठेवला. जनी उभी राहायची तशीच, उखळाकडे तोंड करून उभी राहिली, आणि हाक मारायला तिने श्वास घेतला.

ठसका तिला मुळातून उपटून काढावा तसा आला. दुसरा त्याच्यावर चढला. ती कंबरेत वाकली, डोळे पांढरे झाले, चौकट सोडायची शुद्ध राहिली नाही. रावजीने धावत जाऊन खटका बंद केला.

मशीन थांबलं. हौसाबायने पदराने डोळे पुसून वर बघितलं. खिडकीतून समुद्राचा वारा आत येत होता. तिच्या पाटावरून येत होता, उखळावरून येत होता, आणि लाल धूळ उचलून थेट दारात, तिच्या तोंडावर आणून टाकत होता. पाटावर एक कण नव्हता.

चाळीस वर्षं ती जिला आपली छाती म्हणत आली, तो नुसता खिडकीतला वारा होता.