मोठी अक्षरं

"आलं! अगं, आलं!" दादा खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे आडवीच झाली. "इंटरनेट आलं!"

"कुठे?" वहिनी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"कुठे काय कुठे? ह्यात!"

ह्यात म्हणजे टेबलावरच्या ठोकळ्यात. कीबोर्ड, पडदा, सगळं एकाच खोक्यात, आणि वजन असं की हलवायचा तर दोघं लागावेत. दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांनी तरुणपणी अर्धे-अर्धे पैसे घालून हा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा इंटरनेट हा शब्दही कुणाच्या कानावर नव्हता. आता त्याच्या पाठीला काडेपेटीएवढी एक डबी लटकत होती. इथे टाइप केलेलं उचलून फोनवरच्या घरच्या ग्रुपवर टाकायचं आणि तिथलं उत्तर इथे आणायचं, एवढंच तिचं काम. मराठी अक्षरं ह्या मशीनने बापजन्मात पाहिली नव्हती. त्यामुळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, असा मामला होता.

ह्याच डबीवरून उन्हाळ्यात दोघा भावांचं वाजलं होतं. "दादा, डबीची बोलायची तार मशीनच्या ऐकायच्या तारेला जोडायची असते. तू बोलायची बोलायच्याच तारेला जोडतोयस," एवढंच धाकटा म्हणाला. त्यावर दादा अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मला शिकवतोस? नीघ इथून!" आणि तो शहाणा खरंच निघाला. त्यानंतर ना घरात पाऊल, ना फोन.

आज सकाळी, वहिनी अंघोळीला गेल्याची खात्री करून, दादांनी तारा धाकटा म्हणाला होता तशा लावून पाहिल्या. मशीन मुकाट चालू झालं. मेलं, त्यालाही आत्ताच शहाणपण सुचायचं होतं!

धाकट्यावाचून त्यांना करमत नव्हतं, हे खरं. पण फोन करायचा तर 'चुकलो' म्हणूनच सुरुवात करावी लागणार, आणि तो शब्द काही तोंडातून निघत नव्हता. मशीनवरून बोलायला निदान निमित्त तरी होतं. आज तो बोलला तर ठीक. नाही बोलला, तर दुसरं निमित्त कुठून आणायचं?

बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'मशीन चालू झालं. बोलतोस का?'

पाठवलं. ठिपका लुकलुकत राहिला. दादा गुडघे हलवत बसले. मग एकेक अक्षर, जणू उपकार केल्यासारखं, पडद्यावर उमटू लागलं.

'कशाला ओरडतोस?'

"बघ!" दादा भडकले. "मी सरळ विचारतोय आणि हा अंगावर येतोय! बघ ना, एकूण एक अक्षर कॅपिटल. पोरं म्हणतात ना, कॅपिटलमध्ये लिहिलं म्हणजे ओरडलं? जाऊ दे. मलाच हौस होती." त्यांचा हात प्लगकडे गेला.

"थांबा हो जरा." वहिनींनी चादर खाली ठेवली आणि आपला फोन उचलला. वाचता वाचता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "त्याने बारीक अक्षरांतच लिहिलंय. हळू विचारलंय बिचाऱ्याने. ओरडलाय ते तुम्ही!"

"मी?"

"हे काय, तुमचा मेसेज. सगळा कॅपिटल."

दादांनी फोन पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. लहान अक्षरं ह्या मशीनमध्ये घातलेलीच नव्हती. जाणारं असो की येणारं, सगळं त्याच्याकडे मोठंच. हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, आणि ऐन वेळी डोक्यातून पार गेलं होतं.

त्यांनी घाईघाईने टाइप केलं, 'ओरडत नाही रे. ह्या मशीनला लहान अक्षरं नाहीत.'

या वेळी उत्तर लगेच आलं.

'माहीत आहे. तुला तरी कुठे आहेत?'

वहिनी तोंडावर पदर धरून खुदखुदल्या. दादांचे कान लाल झाले होते, पण राग काही येईना. आणावा म्हटलं तरी येईना. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि एक एक अक्षर शोधत लिहिलं, 'तारा तू सांगितल्यास तशाच लावल्या. चुकलो. ये.'

आणि बटण दाबलं.

ठिपका लुकलुकला. नुसताच लुकलुकत राहिला. मग पडद्यावर एका ओळीत भराभरा प्रश्नचिन्हं उमटली. एक, दोन, चार, थांबेचनात. ओळ भरली, तरी खालच्या ओळीत चालूच.

"आता हे काय?" दादांचा चेहरा पडला. "एवढा सरळ बोललो, तर वर इतके प्रश्न? विश्वास नाही का बसत त्याचा?"

वहिनी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"प्रश्न कसले? तुमच्या ठोकळ्याला इमोजीतले चेहरे ओळखता येत नाहीत, म्हणून तिकडे तसं दिसतंय. इकडे बघा. हसतोय हो तो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."