वाट कुणाची

विश्रामच्या प्रदर्शनात सगळे एकाच चित्रासमोर थबकत होते. चित्रात तिन्हीसांजेला दारात उभी असलेली एक बाई होती. सत्तरीतल्या एक मावशी तर तिथून हलेचनात. शेवटी त्यांनी त्याला विचारलं, "कुणाची वाट बघतेय हो ही?"

विश्राम गडबडला. चार शब्द टाकून त्याने संगणकाकडून चित्र काढून घेतलं होतं आणि तेच कॅनव्हासवर उतरवलं होतं. ही बाई कोण, दारात का उभी, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

"मुलाची," तो बोलून गेला.

मावशींचे डोळे भरले. "माझाही असाच घरातून निघून गेला. अजून दाराला कडी घालवत नाही मला. तुम्हाला कसं कळलं हे?"

त्याची मान खाली गेली. "मला काहीच कळलेलं नाही, मावशी. चित्र संगणकाने सुचवलं, मी नुसते रंग भरले. मुलाचंही आत्ताच ठोकून दिलं."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या पुन्हा चित्रातल्या बाईकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे हिचं कुणीच यायचं नाहीये."