तीन दारं, एक तार

बेटावर वायरमन मी एकटीच, आणि यंदा आमच्या गल्लीतल्या देऊळ, मशीद, चर्च या तिन्हींचे सण एकाच दिवशी आलेले. दरवर्षी देवळाकडचे मशिदीचे दिवे पळवायचे, मशिदीकडचे चर्चचे, चर्चकडचे देवळाचे. खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटायचं. “यंदा एक जरी दिवा गेला, तर बोटीने दुसरा वायरमन आणू,” तिन्हीकडच्या अध्यक्षांनी बजावलं. मग मी तिन्ही माळा गुपचूप एकाच तारेत ओवल्या. संध्याकाळी बटण दाबलं, अख्खी गल्ली झळाळली. “ताई, आमचीच माळ झकास!” तिघे एकदम म्हणाले. “माळ एकच आहे,” शिडी खांद्यावर टाकत मी म्हटलं, “कुठलाही एक दिवा काढा, तिन्ही दारांत काळोख!” तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. चहा पिऊन परतले, तर तिघेही खुर्च्या टाकून पहाऱ्याला बसलेले. देवळाच्या दारातल्या दिव्याला कुणीतरी हात लावताच मशिदीचे अध्यक्ष चाचा गरजले, “खबरदार! आमचा दिवा आहे!”